सिलिंडर ऑक्सिजनचा नसतो, आणि सगळे सिलिंडर सारखेही नसतात

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मालवण, तारकर्ली, देवबागच्या स्कूबा डायव्हिंगच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, तेव्हा एक शब्द हमखास चुकतो: ‘पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर बांधून’. त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. आपण बाहेर घेतो तीच साधी हवा गाळून, कोरडी करून २०० बारपर्यंत (१ बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचा दाब) दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन घेऊन कोणी ६ मीटरच्या खाली गेला तर दाबामुळे तोच ऑक्सिजन विषारी ठरतो आणि पाण्यातच झटके येऊ शकतात. ही चूक फक्त शब्दाची असती तर पत्र लिहिले नसते. पण सिलिंडरमध्ये काय आहे हेच चुकीचे कळले, की तो कुठला, त्याचा व्हॉल्व्ह कसा, त्यावर कोणता रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाजोग्या दाबाने तोंडाशी देणारे उपकरण), हे प्रश्न पर्यटकाच्या मनात येतच नाहीत. आता हे प्रश्न पडायला हवेत. ‘आयएनएस गुलदार’ ही जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली, सुमारे ८४ मीटर लांबीची नौका निवतीजवळ पाण्याखालचे संग्रहालय म्हणून वापरण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर समुद्रात आत असलेल्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या प्रवाळ पठाराचीही चर्चा होत असते, आणि तिचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाच-सात मीटरवर मासे दाखवून आणायला जी सामग्री पुरते, ती जशीच्या तशी तिथे चालणार नाही.

आधी सिलिंडर. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमचा ‘ऐंशी’ (नाव ८० घनफूट हवेवरून) वापरतात: पाण्याच्या मापाने ११.१ लिटर, २०७ बार, भरल्यावर साधारण २,२०० लिटर हवा. युरोपातले डायव्हर १२ लिटरचा पोलादी, २३२ बारचा सिलिंडर पसंत करतात आणि तिकडून शिकून आलेली मंडळी इथेही तोच आणा म्हणतात. त्यांचे कारण खरे आहे. २,२०० लिटर हवेचे वजन अडीच-पावणेतीन किलो भरते. ती संपत जाते तसा सिलिंडर हलका होतो. ॲल्युमिनियमचा भरलेला सिलिंडर पाण्यात किंचित बुडतो, पण रिकामा होत आला की पावणेदोन-दोन किलोच्या ओढीने वर तरंगू पाहतो. नेमकी हीच वेळ डायव्हच्या शेवटाची, वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची असते. सुरुवातीला भरल्या सिलिंडरवर वजन जुळवून घेतलेला माणूस शेवटी खाली राहू शकत नाही, बुचासारखा वर जातो. पोलादी सिलिंडर रिकामा झाला तरी सहसा तरंगत नाही, म्हणून कमरेला वजनही कमी लागते.

तरीही कोकणासाठी ॲल्युमिनियमच बरा, असे आमचे ठाम मत आहे. इथली हवा दमट. कॉम्प्रेसरची गाळणी थोडी जरी दमली तरी ओल सिलिंडरमध्ये जाते आणि पोलाद आतून गंजते. ओल असलेला पोलादी सिलिंडर पावसाळाभर भरून ठेवला, तर गंज धरता धरता आतल्या हवेतला ऑक्सिजनही कमी होत जातो. गेजवर दाब नीट दिसतो, श्वास मात्र निकस. ॲल्युमिनियमलाही ओल चालते असे नाही, पण तो असा दगा देत नाही. शेवटी वर येण्याच्या अडचणीवर उपाय सोपा आहे. वजन तपासायचे ते ५० बार उरलेल्या सिलिंडरवर, पाच मीटरवर, बीसीडी (हवा भरून तरंगण्याचे जॅकेट) पूर्ण रिकामी करून. तेवढ्यावर स्थिर राहता आले तर वजन बरोबर. भरल्या सिलिंडरवर तपासावे लागलेच, तर त्यात दोन किलो वाढवावेत. कमी उंचीच्या माणसाला ‘ऐंशी’चे बूड मांडीवर आपटते आणि व्हॉल्व्ह डोक्याला लागतो. त्यांच्यासाठी ९ लिटरचा छोटा सिलिंडर ठेवायला हवा. किल्ल्याजवळच्या डायव्हला तो भरपूर होतो.

आता व्हॉल्व्ह, कारण सगळ्यात जास्त गळती इथेच होते. दोन पद्धती आहेत. योक, म्हणजे व्हॉल्व्हवर शिकंजासारखी चढणारी आणि मागच्या स्क्रूने आवळायची. आणि डिन, म्हणजे रेग्युलेटरच आट्यांनी व्हॉल्व्हच्या आत फिरवून बसवायचा. आपल्या किनाऱ्यावर जवळपास सगळीकडे योक दिसतो, कारण तो झटपट चढतो आणि परदेशी पर्यटकाचा भाड्याचा रेग्युलेटरही त्यावर बसतो. योकमध्ये हवा रोखणारी ओ-रिंग सिलिंडरच्या तोंडावर, उघड्यावर असते. होडीच्या काठावर सिलिंडर आपटला किंवा पाण्यात रेग्युलेटरला कशाचा धक्का बसला, तर तो जागचा केसभर हलतो आणि २०० बारचा दाब त्या फटीतून रबर बाहेर ढकलतो. मग मोठा आवाज होतो आणि हवा भसाभसा जाऊ लागते. डिनमध्ये ओ-रिंग आट्यांच्या आत कोंडलेली असते. तिला बाहेर यायला वाटच नाही. शिवाय ती रेग्युलेटरवर बसते, म्हणजे तिची काळजी रेग्युलेटर वापरणाऱ्याच्या हातात राहते. योकची ओ-रिंग सिलिंडरबरोबर दिवसाला चार माणसांच्या हाताखालून जाते आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

ती रिंग एकदा जवळून पाहावी. चांगली रिंग खाचेत बसल्यावर किंचित वर उठून गोलसर दिसते, बोट फिरवले तर गुळगुळीत लागते. जुनी झाली की माथा चपटा होतो, चमक जाते, नखाने दाबले तर खाच तशीच राहते. काठावर केसासारखी चीर किंवा एक वाळूचा कण असला तरी तिचे काम संपले. योकसाठी ०१४ मापाची रिंग लागते. गाडीच्या दुकानातली ‘जवळपास तेवढीच’ रिंग बसते, पहिल्या डायव्हला धरतेही, पण रबर मऊ असले तर दाबाखाली सरकते. योग्य रिंग काही रुपयांत येते. प्रत्येक होडीवर अशा वीस रिंगा आणि काढायला पितळी हूक असावा. पोलादी टोच्याने खाचेला ओरखडा पडला, की नवी रिंगही गळते.

म्हणून आमची सूचना अशी. यापुढे घ्यायचे सिलिंडर दुहेरी व्हॉल्व्हचेच घ्यावेत. त्यात आतला आटेदार ठोकळा ८ मिमीच्या षट्कोनी चावीने काढला की डिन, बसवला की योक. रेग्युलेटर मात्र नवे घेताना डिनचेच घ्यावेत. ठोकळ्याच्या मागेही एक ओ-रिंग असते, तिच्याकडे बघायला विसरू नये. डिनच्या आट्यांत वाळू शिरते, ही तक्रार खरी आहे. आटे उघडे न ठेवता टोपण लावणे, एवढाच त्याला इलाज. एक धोका मात्र गंभीर आहे. सिलिंडरच्या मानेत व्हॉल्व्ह बसतो ते आटे पाऊण इंची आणि एम२५ अशा दोन मापांत येतात, आणि एका मापाचा व्हॉल्व्ह दुसऱ्या मापाच्या मानेत काही फेरे जातो. हाताला घट्ट लागतो, भरताना मात्र सुटून गोळीसारखा उडतो. जगात यात माणसे गेली आहेत. मानेवरचा शिक्का आणि व्हॉल्व्हवरचा शिक्का जुळवल्याशिवाय व्हॉल्व्ह बदलू नये, आणि हे काम होडीवर तर कधीच करू नये.

रेग्युलेटरच्या पसंतीवरून डायव्हरांत वाद फार होतात. त्यातला बराचसा भाग ब्रँडचा असतो, तो सोडून देऊ. खरे प्रश्न दोन. पहिला, फर्स्ट स्टेज बॅलन्स्ड आहे का, म्हणजे सिलिंडरचा दाब घटला तरी सारखाच चालतो का? फर्स्ट स्टेज म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग; तो सिलिंडरचा दाब ९-१० बारपर्यंत उतरवून नळीत सोडतो. बॅलन्स्ड नसलेल्या साध्या पिस्टनमध्ये सिलिंडरचा दाब कमी होत गेला, की श्वास ओढायला जड होतो. सहा मीटरवर एकट्या माणसाला ते जाणवणारही नाही. अशा जागी हा साधा पिस्टन उत्तम आहे: भाग कमी, दुरुस्ती स्वस्त, सहजासहजी बिघडत नाही. पण २० मीटरवर, ६० बार उरलेले असताना, घाबरलेली दोन माणसे एकाच फर्स्ट स्टेजवर श्वास घेऊ लागली की तोच अपुरा पडतो. गुलदारसाठी, आंग्रियासाठी बॅलन्स्डच हवा.

दुसरा प्रश्न, दाब उतरवायला आत पिस्टन की डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा? पिस्टनच्या स्प्रिंगच्या कप्प्यात समुद्राचे पाणी थेट जाते. कर्ली नदीच्या मुखापाशी पाण्यात गाळ असतो, तो आणि वाळलेले मीठ तिथेच साचते आणि पिस्टन अडखळू लागतो. सीलबंद डायफ्राममध्ये पाणी कप्प्यात शिरतच नाही. ही सोय मुळात १० अंशांखालच्या पाण्यात रेग्युलेटर गोठून हवा वाहत राहू नये म्हणून केलेली. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्नच नाही, पण गाळासाठी तीच उपयोगी पडते. थंड पाण्याचा म्हणून महाग पडणारा रेग्युलेटर इथे कशाला, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

फर्स्ट स्टेजची सीट (हवा अडवणारी आतली गादी) झिजली की नळीतला दाब ९-१० वर न थांबता हळूहळू चढत राहतो. दाबमापक लावला तर लगेच दिसते. होडीवर तो नसला तरी युक्ती आहे. व्हॉल्व्ह उघडून रेग्युलेटर पाच मिनिटे तसाच ठेवावा. सुरुवातीला शांत असलेला सेकंड स्टेज (नळीच्या टोकाचा, तोंडात धरायचा भाग) मिनिटा-दोन मिनिटांनी सूं करू लागला, बटण दाबल्यावर थांबला आणि पुन्हा सुरू झाला, तर सीट गेली. तो रेग्युलेटर त्या दिवशी पाण्यात जाऊ नये. इनलेटची जाळीही आतली बातमी सांगते. हिरवट असेल तर पाणी शिरले, तांबूस पूड असेल तर पोलादी सिलिंडरचा गंज, करडी-पांढरी पूड असेल तर ॲल्युमिनियमची, काळी असेल तर कॉम्प्रेसरच्या गाळणीकडे पाहा. पाणी शिरते ते बहुधा धुताना. टोपण ओले असतानाच लावलेले असते, किंवा बादलीत बुडवून सेकंड स्टेजचे बटण दाबलेले असते. धुताना बटण दाबू नये, एवढे पाळले तरी निम्मी दुरुस्ती वाचेल.

आता नळ्या. इथे तर आमच्या मते पद्धतच बदलायला हवी. रूढ मांडणी अशी: तोंडातला सेकंड स्टेज ७०-७५ सेंटिमीटरच्या नळीवर, आणि दुसऱ्याला द्यायचा पिवळा जादा सेकंड स्टेज, म्हणजे ऑक्टोपस, मीटरभर नळीवर, छातीच्या आसपास अडकवलेला. पुष्कळदा तो अडकवलेला नसतोच, मागे लोंबत वाळू खात असतो. हवा संपलेला माणूस पिवळे काही शोधत बसत नाही, समोरच्याच्या तोंडातले ओढतो. दोन-तीन मीटर दृश्यमानतेत तर त्याला तेवढेच दिसते. फ्लोरिडातल्या गुहांत पोहणाऱ्यांनी म्हणून उलट मांडणी केली. तोंडातलाच रेग्युलेटर २.१ मीटरच्या लांब नळीवर ठेवायचा आणि तोच द्यायचा. स्वतःसाठीचा दुसरा हनुवटीखाली रबरी दोरीच्या फासात, हात न लावता तोंडात घेता येईल असा. दिलेला रेग्युलेटर चालू आहे याची खात्री असते, कारण क्षणापूर्वी त्यातूनच श्वास चालला होता.

२.१ मीटर लांबी गुहेतल्या अरुंद वाटेत एकामागून एक जाण्यासाठी आहे. मोकळ्या पाण्यात ती जास्त होते आणि कमरेला दिव्याची बॅटरी नसली की खोचायलाही जागा नसते. बुडालेल्या नौकेजवळ १.५ मीटर आणि किल्ल्याजवळ उजव्या काखेखालून नेलेली मीटरभर नळी, सेकंड स्टेजला वळता कोपरा लावून, एवढे पुरे. पर्यटकाचा हात धरून नेणाऱ्या मार्गदर्शकाने तर हे करायलाच हवे. तो पर्यटकाच्या मागे किंवा वर, त्याचा व्हॉल्व्ह धरून पोहतो. तिथून ७० सेंटिमीटरची नळी पर्यटकाच्या तोंडापर्यंत पोचत नाही. किनाऱ्यावर उभे राहून एकदा करून बघावे, लगेच पटेल. पर्यटकाच्या अंगावर मात्र कमीत कमी नळ्या असाव्यात. नळी घेताना आणखी एक: वर विणीव आवरण असलेल्या काही नळ्यांचे आतले प्लास्टिक उष्णतेने खराब होऊन स्फटिक धरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. उन्हात तापणाऱ्या होडीवर जाडजूड रबरी नळीच चांगली, तिची चीर निदान डोळ्यांना दिसते.

‘५० बारला वर’ हा नियम सगळे पाठ म्हणतात, पण तो खोलीबरोबर बदलायला हवा. गणित साधे आहे. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर हवा घेतो असे धरू, दोघांची ६०. सहा मीटरवर दाब १.६ पट, म्हणून सावरायला एक मिनिट आणि वर यायला पाऊण मिनिट मिळून दीडशे लिटर लागतात. ११.१ लिटरच्या सिलिंडरात ते सुमारे १४ बार झाले. तिथे ५० बार म्हणजे चैन. आता २० मीटर घ्या, दाब ३ पट. एक मिनिट सावरायला १८० लिटर, मिनिटाला ९ मीटर वेगाने पाच मीटरपर्यंत यायला सुमारे २३०, तिथे तीन मिनिटे थांबायला २७०, शेवटच्या टप्प्याला ५०. बेरीज ७३० लिटर, म्हणजे ६६ बार. त्यामुळे २० मीटरवर ७० बारला तळ सोडायलाच हवा. तेथे ५० पर्यंत थांबलेल्या जोडीकडे दोघांना पुरेल एवढी हवा नसते.

नौकेच्या आत शिरायचे असेल, तर जोडीदारावर विसंबणे पुरत नाही, स्वतंत्र फर्स्ट स्टेजचा दुसरा सिलिंडर हवा. ३ लिटरचा छोटा, २०० बारला ६०० लिटरचा, २० मीटरवरून एका माणसाला थांबा घेऊन वर आणायला पुरतो. अर्ध्या लिटरचे जे सुटसुटीत डबे विकतात त्यांत १०० लिटर हवा, म्हणजे घाबरलेल्या माणसाला २० मीटरवर जेमतेम मिनिटभर. त्यावर नौकेत जाऊ नये. दोन सिलिंडर मॅनिफोल्डने (आडव्या जोडनळीने) जोडून पाठीवर घेण्याची पद्धत उत्तम असली तरी ते पस्तीस-चाळीस किलो वजन आपल्या छोट्या होडीच्या शिडीवरून चढवणे कठीण आहे. दोन्ही कुशीला एकेक सिलिंडर लावण्याची साइडमाउंट पद्धत इथे अधिक जमेल, कारण पाण्यातूनच सिलिंडर एकेक करून होडीवर देता येतात. दोन्हींतून आळीपाळीने, ३०-४० बारच्या फरकाने श्वास घ्यायचा. ॲल्युमिनियमचे बूड हवा संपत आली की वर उचलले जाते, तेव्हा खालचा हूक पुढच्या कडीत सरकवावा लागतो. हे आधी पाच मीटरवर सरावाने जमले पाहिजे.

सिलिंडरांचे नियमन नागपुरात मुख्यालय असलेली पेसो ही केंद्रीय संस्था गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली करते. जलक्रीडेचा परवाना देणाऱ्यांनी होड्या, लाइफ जॅकेट मोजावीतच, पण सिलिंडरच्या खांद्यावरचे शिक्केही वाचावेत. पाच वर्षांत जलदाब चाचणी झालेली नसेल तर तो सिलिंडर भरू नये, आणि वर्षातून एकदा व्हॉल्व्ह काढून आत दिवा सोडून पाहावे. १९९० च्या आधीचा, ६३५१ मिश्रधातूचा जुना ॲल्युमिनियम सिलिंडर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. त्याच्या मानेला आतून तडे जाण्याचा इतिहास आहे. कॉम्प्रेसरची हवा ओढण्याची नळी इंजिनच्या धुराच्या वाऱ्यात नसावी. युरोपीय मानकात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दहा लाखांत ५ भाग इतकी कडक आहे, आणि त्या वायूला वास नसतो. घाईने भरलेला सिलिंडर तापतो. ६० अंशांवर २०० बार दाखवणारा सिलिंडर ३० अंशांवर आला की १८२ दाखवतो, आणि ‘कमी भरला’ म्हणून भांडण होते. सावकाश भरला तर हे टळते.

पर्यटकाने उडी मारण्याआधी एवढे करावे. रेग्युलेटर तोंडात धरून चार खोल श्वास घ्यावेत आणि त्या वेळी नजर गेजच्या काट्यावर ठेवावी. काटा स्थिर राहिला तर ठीक. श्वासागणिक काटा खाली जाऊन पुन्हा वर येत असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. ‘पूर्ण उघडून पाव फेरा मागे’ या जुन्या सवयीतून हे घडते: कोणीतरी गफलतीने व्हॉल्व्ह बंद करून पाव फेरा उघडतो, होडीवर श्वास छान येतो आणि खाली गेल्यावर हवा पुरत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि तसाच ठेवा. मग माउथपीस हाताने हलकेच ओढून पाहावा. तो ज्या छोट्या पट्ट्याने आवळलेला असतो तो पट्टा तुटला असला, तर पाण्यात रबर दातांत राहते आणि रेग्युलेटर गळून पडतो.

आणि बातमीत यापुढे कृपया ‘हवेचा सिलिंडर’ असे छापावे, ही विनंती.

आपले,
स्कूबा रेग्युलेटर व सिलिंडरची देखभाल करणारे दोन वाचक,
मालवण